जुन्या तबकड्या फायलीत उतरवून देणारं नाशिकच्या सराफ बाजारातलं दुकान, आणि तिथे ऐकलेल्या फॅरारबाई

घरात माळ्यावर ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या पडून असतील तर आधी हात जोडून एक विनंती: त्या स्पिरिटने पुसू नका. सॅनिटायझरने तर अजिबात नको. या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बोळ्याला जो काळा रंग लागतो तो धुळीचा नसतो, तबकडीचाच असतो. स्वच्छ करायच्या नादात आपल्याकडे कितीतरी चांगली गाणी अशी घरच्या घरी पुसली गेली असतील.

हे मला ज्यांनी सांगितलं त्या काकांच्या सेवेबद्दल लिहायचं आहे. जुन्या तबकड्या ते धुऊन, वाजवून, त्यांची फाईल करून पेनड्राइव्हवर देतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूचे १५० रुपये, बारा इंचीचे २००. धुण्याचे वेगळे घेत नाहीत. पेनड्राइव्ह आपला न्यायचा. दुकानाला पाटी नाही, आणि नाव लिहू का विचारलं तर ‘नको’ म्हणाले. एकटे आहेत, एकदम दहा पेट्या येऊन पडल्या तर कुठलंच काम धड होणार नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. दहीपुलाकडून सराफ बाजारात शिरा, भांडी बाजाराच्या आधी एका जुन्या वाड्याच्या दारात रेडिओ दुरुस्तीचा फिकट झालेला फलक दिसेल, तोच जिना. चारचाकी आत आणू नका. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठावर लावून चालत या.

दुकान वरच्या मजल्यावर का, हे नाशिककरांना सांगायला नको. धरणातून पाणी सोडलं की सराफ बाजारात कधी पाणी शिरेल याचा नेम नसतो. काका पूर्वी खालीच बसत आणि रेडिओ दुरुस्त करत. एका पुरानंतर सगळं वर नेलं. जिना उभा आहे आणि अंधारा आहे. गुडघे दुखत असतील तर सोबत कुणाला तरी न्या, कारण तबकड्यांची पेटी चांगलीच जड असते.

माझी पेटी माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा देवळालीच्या लष्करी कॅम्पात स्टोअरमध्ये कारकून होते. कॅम्पातली गोरी मंडळी बदली झाली की घरातलं सामान विकून जायची. टेबलं, पडदे, चिनी मातीची भांडी, आणि तबकड्यासुद्धा. अण्णांनी कुणाकडून तरी हाताने चावी द्यायचा ग्रामोफोन घेतला, त्याच्याबरोबर काही इंग्रजी तबकड्या आल्या. पुढे त्यांनी त्यात बालगंधर्वांची, हिराबाई बडोदेकरांची भर घातली. ग्रामोफोन कधीच गेला. पेटी मात्र आईने जपली, आईकडून ती माझ्याकडे आली. मी इंदिरानगरला गाण्याचा वर्ग चालवते, त्यामुळे घरात ‘गाण्याचं काही असलं की हिच्याकडे द्या’ असा रिवाजच आहे.

पेटीतल्या मराठी तबकड्या कुणाच्या, हे मला ठाऊक होतं. इंग्रजी लेबलांच्या तीन तबकड्यांवर मात्र एकाच बाईचं नाव होतं आणि ते मी कधी ऐकलेलं नव्हतं: जेराल्डीन फॅरार. तिन्ही एकाच बाजूने गायलेल्या, मागची बाजू कोरी. काकांनी त्या उजेडाकडे तिरक्या धरून पाहिल्या आणि कोऱ्या बाजूवरून बोट फिरवत म्हणाले, “बाई मोठ्या असणार. मोठ्या गवयांच्या तबकड्या तेव्हा एकाच बाजूच्या आणि महाग.” आणि कोऱ्या बाजूचे पैसे लावणार नाही, हेही लगेच सांगितलं.

काकांच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते नुसतं वाजवून देत नाहीत. लेबलाच्या आत, जिथे खाचा संपतात तिथल्या गुळगुळीत पट्टीवर एक आकडा कोरलेला असतो. भिंग लावून तो ते वाचतात आणि फाईलच्या नावात घालतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या ग्रंथालयाने जुन्या अमेरिकी ध्वनिमुद्रणांची मोठी सूची इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. हा आकडा तिथे शोधला की गाणं कधी मुद्रित झालं ते कळतं. माझ्या तिन्ही तबकड्यांचा पत्ता असा लागला. एक प्रसिद्ध इटालियन गायक कारुसोबरोबरचं द्वंद्वगीत, १९०८ सालचं. दुसरं संगीतकार पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरातलं, म्हणजे युरोपी संगीतनाटकातलं, जहाज परत येण्याची वाट पाहणाऱ्या नायिकेचं प्रसिद्ध गाणं, १९०९ सालचं. तिसरं बिझेच्या ‘कारमेन’ या ऑपेरातली हाबानेरा, म्हणजे नायिका कारमेनचं प्रसिद्ध गाणं, १९१४ च्या शेवटची.

मग बाईंबद्दल वाचायला बसले आणि बरेच दिवस दुसरं काही वाचलंच नाही.

जेराल्डीन फॅरार १८८२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मेलरोझ गावात जन्मल्या. वडील सिड फॅरार व्यावसायिक बेसबॉल खेळाडू, फिलाडेल्फियाच्या संघात. आई गाणारी. घरात पैसा बेताचाच. तरीही मुलीचा गळा पाहून आईवडील तिला घेऊन युरोपात गेले. १९०१ च्या ऑक्टोबरात बर्लिनच्या राजदरबारी ऑपेरात तिने गूनोच्या ‘फाउस्ट’मध्ये मार्गारीटची भूमिका केली. वय एकोणीस. आपल्याकडे एकोणीस वर्षांची मुलगी विशारदच्या परीक्षेला बसते, तेव्हा ही परक्या देशात मुख्य नायिका म्हणून उभी होती. आणि एवढं नाव झाल्यावरही बर्लिनमध्येच लिली लेहमान या बुजुर्ग गायिकेकडे ती शिकायला गेली. हे वाचून मला फार बरं वाटलं. कार्यक्रम मिळायला लागले की क्लास सोडणारी मुलं मी दरवर्षी बघते.

मग मोंटे कार्लोला कारुसोबरोबर, आणि १९०६ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात हंगामाच्या पहिल्याच रात्री ज्युलिएट. पुढच्या फेब्रुवारीत तिथेच ‘मादामा बटरफ्लाय’चा पहिला प्रयोग झाला. नायिका फॅरार, नायक कारुसो, आणि पुच्चिनी स्वतः प्रेक्षागृहात. पुढे १९१८ मध्ये पुच्चिनीच्या ‘सुओर अँजेलिका’चा जगातला पहिलाच प्रयोग झाला, त्यातली नायिकाही हीच. १९१० मध्ये हुम्परडिंकच्या नव्या ऑपेरात हंस राखणाऱ्या मुलीची भूमिका होती, तर बाईंनी खरेखुरे जिवंत हंस रंगमंचावर आणले.  भूमिका खरी दिसली पाहिजे हा तिचा हट्ट तिथपासूनचा आहे, आणि पुढचं सगळं मला त्यातूनच आलेलं दिसतं.

तिच्यावर जीव टाकणाऱ्या तरुण मुलींची एक फौजच न्यूयॉर्कमध्ये तयार झाली होती. त्यांना ‘गेरी-फ्लॅपर्स’ म्हणत.

आता पुन्हा दुकानात. बटरफ्लायची तबकडी काकांनी थाळीवर ठेवली. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला जाड टोकाची सुई लागते. एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर वाचते. बाजारात मिळणाऱ्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरवर ‘७८’ लिहिलेलं असतं, पण सुई बहुतेक वेळा एलपीचीच असते, हे ध्यानात ठेवा. काकांकडे जाडीप्रमाणे सुया ठेवलेल्या आहेत, औषधाच्या छोट्या डब्यांमधून, प्रत्येकीवर शाईने आकडा. त्यांनी एक लावली, नाही पटली. दुसरी लावली. कान पुढे केला. तिसरी लावली तेव्हा मान हलवली.

गाणं सुरू झालं आणि माझी निराशा झाली. आवाज बारीक, घाईत, शाळकरी मुलीसारखा. मी मोबाइलवर सूर दाखवणारं अ‍ॅप उघडलं. षड्ज काळी तीन आणि पांढरी पाच या हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे लटकत होता. पुच्चिनीने हे गाणं काळी तीनमध्ये बांधलेलं आहे, तेवढं मी वाचून गेले होते. काकांना म्हटलं, “काका, हा सूर कुठल्याच पट्टीत बसत नाहीये.” ते बहुधा असं म्हणणाऱ्या कुणाची तरी वाटच पाहत होते. लगेच म्हणाले, “त्या काळात ७८ हा आकडा सगळीकडे पक्का नव्हता. बऱ्याच तबकड्या ७६ च्या आसपास भरल्यात. तू सूर सांग, मी थाळी हळू करतो.”

आणि आम्ही दोघं तसे बसलो. ते वेगाची खुंटी किंचित फिरवायचे, मी पडद्यावरचा काटा बघायचे. सूर हळूहळू उतरत काळी तीनवर आला तेव्हा त्या बाईंचं वयच बदललं. १९०९ साली फॅरार सत्तावीस वर्षांच्या होत्या, आणि आता ऐकू येत होता तो सत्तावीस वर्षांच्या तयार गळ्याचा आवाज. मधल्या सप्तकात भरदार, वर जाताना काठ किंचित सोनेरी, आणि शब्दाच्या आधी छोटासा श्वास. तो श्वास आधीच्या घाईत दिसतच नव्हता. माझ्याबरोबर माझी विद्यार्थिनी होती, पेटीची एक बाजू तिनेच धरून आणली होती. ती म्हणाली, “ताई, या आता रडत नाहीयेत, समजावतायत.” अगदी बरोबर. त्या गाण्यात बटरफ्लाय दासीला समजावत असते की तो येणार, नक्की येणार.

हे सगळं मायक्रोफोनशिवाय. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यातून होत असे. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहायचं, वरचा स्वर जोरात लागणार असेल तर मागे सरकायचं, नाहीतर सुई उडायची. एका बाजूला चार-साडेचार मिनिटंच मावत. तेवढ्यात भाव उभा करायचा. आपल्या जुन्या गवयांनीही हेच केलं. बालगंधर्वांच्या ज्या तबकड्या माझ्याकडे आहेत त्यात तीन मिनिटांत पद, ताना आणि समेवर येणं, सगळं आहे. त्यांच्यासाठीही काकांनी हाच सुराचा उपाय केला. एका पदात साथीच्या हार्मोनियमच्या सुरावरून वेग लावला आणि बालगंधर्वांचा आवाज जो वाजवीपेक्षा पातळ वाटायचा तो एकदम गोल झाला. माझ्या मते २०० रुपयांतले १९० या एका गोष्टीचे आहेत. शहरात आणखी कुणी हे काम करत असेल तर त्यांना हा प्रश्न जरूर विचारा: वेग सुराप्रमाणे लावता का? नुसतं ७८ वर वाजवून फाईल करणार असतील तर तबकडी घरी परत आणा.

ती विद्यार्थिनी माझ्याबरोबर का आली होती, ते सांगायला हवं. सतरा वर्षांची आहे, नाट्यसंगीत फार जाणून गाते. तिला मुंबईच्या एका मालिकेत कामासाठी विचारणा आली होती. तिची आई माझ्याकडे येऊन बसली. गाणं सुटेल, गळा बिघडेल, पोरगी मेकअपच्या खुर्चीत बसून राहील. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आणि पेटीतून नेमक्या या बाई निघाल्या, कारण फॅरारबाईंनी १९१५ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, चित्रपटात काम केलं. तेही मूकपटात.

जिचं सगळं नाव गळ्यावर, तिला आवाज नसलेल्या पडद्यावर कशाला घ्यायचं? कारण साधं होतं. तेव्हा अमेरिकेतही चित्रपट म्हणजे हलकी करमणूक मानली जायची, बड्या घरची माणसं जायची नाहीत. निर्माता जेसी लास्की याला ऑपेराची मोठी नायिका आणून त्या धंद्याला प्रतिष्ठा मिळवून द्यायची होती. बाईंचीही बाजू होती. त्याआधीच्या काळात त्यांच्या गळ्याने त्रास दिला होता, आणि अभिनयाची भूक तर होतीच. स्वतंत्र रेल्वेच्या डब्यातून त्या कॅलिफोर्नियाला गेल्या. दिग्दर्शक सेसिल डेमिल. त्याने शहाणपणा केला. सगळ्यांचं लक्ष ‘कारमेन’वर होतं, पण आधी ‘मारिया रोझा’ हा दुसराच चित्रपट काढून घेतला, म्हणजे बाईंना कॅमेऱ्याची सवय होईल, आणि ‘कारमेन’ मागाहून काढून आधी दाखवला. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हात जेवढा उचलावा लागतो तेवढा कॅमेऱ्यासमोर उचलला तर हास्यास्पद दिसतो. ही सवय मोडायला वेळ लागतो, माझ्या विद्यार्थिनीला पहिल्या चाचणीत हेच सांगितलं होतं म्हणे: “बाळा, डोळे कमी फिरव.”

सेटवर वादक बसवलेले असत. प्रसंगाला लागणारा भाव यावा म्हणून ते वाजवत आणि बाई त्यावर काम करत. प्रेक्षकांना त्यातलं काहीच ऐकू येणार नसे. ‘कारमेन’ पहिल्यांदा दाखवला तो कुठल्या तंबूत नाही, बॉस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये, १ ऑक्टोबर १९१५ ला, बिझेच्या सुरावटींवर बेतलेल्या वाद्यवृंदासह.

तो चित्रपट आज इंटरनेटवर फुकट पाहता येतो. एका रविवारी आम्ही दोघींनी तो माझ्या घरी पाहिला. लॅपटॉपवर चित्र, आणि स्पीकरवर काकांनी काढून दिलेली हाबानेरा. गाणं मुद्रित झालं १९१४ च्या शेवटी, चित्रीकरण १९१५ च्या उन्हाळ्यात, म्हणजे गळा आणि चेहरा यांत वर्षाचंही अंतर नाही. सूर आणि ओठ जुळणारच नव्हते, ती अपेक्षा करू नका. पण तंबाखूच्या कारखान्यातल्या भांडणाचा प्रसंग आला आणि मी गाणं बंद केलं. फॅरार आणि जीनी मॅकफर्सन एकमेकींवर तुटून पडतात. केस, कपडे, काही शिल्लक ठेवत नाहीत. युरोपच्या राजघराण्यांसमोर गायलेली ही बाई धुळीत लोळते आणि तिच्या चेहऱ्यावर मजा दिसते. विद्यार्थिनीने तो भाग पुन्हा लावायला सांगितला. भांडणासाठी नाही. भांडण सुटल्यावर कारमेन केस मागे सारून त्या शिपायाकडे ज्या नजरेने बघते ती नजर तिला पाहायची होती. तिथे बाई काहीच करत नाहीत. हनुवटी अर्धा इंच वर, बस.

हे कसब त्यांनी परत ऑपेरात नेलं, आणि त्यावरून गहजब झाला. १९१६ च्या फेब्रुवारीत मेट्रोपोलिटनमध्ये ‘कारमेन’ गाताना त्यांनी कारखान्याच्या प्रसंगात समूहातल्या मुलीशी चित्रपटासारखीच झोंबाझोंबी केली आणि कारुसोलाही फटका दिला. कारुसो भडकला, हे काय सिनेमा समजून चाललंय, अशी तक्रार झाल्याची कथा प्रसिद्ध आहे. नंतर समेट झाला.

डेमिलबरोबर एकूण सहा चित्रपट. त्यातला १९१६ चा ‘जोन द वुमन’ सगळ्यात मोठा. चिलखत घालून लढणारी जोन ऑफ आर्क, आणि शेवटी चितेच्या प्रसंगात फिल्मवर ज्वाळांना रंग भरलेले. मग सॅम्युएल गोल्डविनकडे काही चित्रपट, त्यातले काही नवरा लू टेलेगनबरोबर. ते लग्न टिकलं नाही, आणि ते चित्रपटही त्या तोडीचे नव्हते. १९२० नंतर त्यांनी पडदा सोडला.

याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? दादासाहेब फाळके, जन्म आपल्या त्र्यंबकचा, १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढून नाशकात आले आणि इथेच चित्रपट काढायला लागले. तारामतीचं काम करायला बाई मिळाली नव्हती, ते अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. त्याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघंही केले. फॅरारबाई चिलखत घालून घोड्यावर बसत होत्या त्याच सुमाराची ही गोष्ट. मात्र अपवाद होता आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा आहे. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी मायलेकी उतरल्या. कमलाबाई, पुढच्या गोखले, तेव्हा अगदी लहान होत्या. त्याही रंगभूमीवरून आलेल्या. मी विद्यार्थिनीच्या आईला फॅरारबाईंपेक्षा या मायलेकींचंच जास्त सांगितलं. तिला ते जवळचं वाटलं.

गळ्याचं मात्र उत्तर फॅरारबाईंकडेच होतं. चित्रपट करूनही त्या प्रत्येक हंगामात मेट्रोपोलिटनला परतल्या. ‘सुओर अँजेलिका’ त्या काळातलं. आणि २२ एप्रिल १९२२ ला, चाळीस वर्षांच्या असताना, ‘झाझा’चा प्रयोग करून त्यांनी ऑपेराचा निरोप घेतला. चाळिशीनंतर आवाज उतरताना ऐकवायचा नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. पुढे काही वर्षं मैफली केल्या, १९३० च्या दशकात रेडिओवर ऑपेराच्या मध्यंतरात बोलायच्या, आणि १९६७ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी गेल्या. बालगंधर्वही १९६७ लाच गेले. तेही १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथ झाले होते, पण त्यांचा जीव रंगभूमीत गुंतलेला. पडद्यापुढे ते खुलले नाहीत असं मला वाटतं. फॅरार खुलल्या, कारण त्यांना चेहऱ्याने गाता येत होतं. सगळ्या गाणाऱ्यांना ते येत नाही आणि न येण्यात कमीपणाही नाही. आधी ओळखावं लागतं.

विद्यार्थिनीने काम घेतलं. अट एकच घातली, सकाळचा रियाज होईल अशा वेळा. ती अट मान्य झाली.

आता सेवेतल्या उण्या बाजू, कारण त्या आहेत. काकांना खरखर काढून टाकायची हौस आहे. संगणकावर एक प्रोग्राम लावतात आणि खरखरीबरोबर आवाजातला दमही निघून जातो. कारुसोबरोबरच्या द्वंद्वगीताची पहिली फाईल मिळाली त्यात दोघंही पाण्याखालून गात होते. मी न साफ केलेली फाईल मागितली तेव्हा त्यांना थोडं वाईट वाटलं, पण दिली. ती कितीतरी चांगली आहे. खरखरीची कानाला दोन मिनिटांत सवय होते. तेव्हा सांगताना स्पष्ट सांगा: कच्ची फाईल हवीच, साफ केलेली वरून द्या. आणि एमपीथ्री नको, वेव्ह फाईल मागा. जागा जास्त लागते, पण एकदाच काम होतंय.

सांगितलेली तारीख पाळली जात नाही. फोन करून जा. पैसे रोख घेतात. फाईलींची नावं इंग्रजीत लिहितात आणि मराठी नावांची स्पेलिंग चुकतात. माझ्या हिराबाईंचं आडनाव तीन फायलींत तीन तऱ्हेचं होतं, घरी येऊन मीच सुधारलं. तडा गेलेली तबकडी ते वाजवत नाहीत, सुई मोडते म्हणून. तुटलेली जोडायला तर अजिबात घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

एक प्रामाणिक सल्ला पैशांबद्दल. अमेरिकी कंपन्यांच्या जुन्या तबकड्या तुमच्याकडे असतील तर आधी इंटरनेटवर शोधा. तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ पासून ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ या नावाने व्हिक्टर कंपनीची हजारो जुनी गाणी फुकट ऐकायला ठेवली आहेत, फॅरारबाईही त्यात आहेत. माझ्या तीन तबकड्यांवर मी पैसे घातले ते अण्णांच्या होत्या म्हणून, आणि ते वाया गेले असं मला जराही वाटत नाही. पण तुमच्या हातात पैसे मोजके असतील तर ते मराठी तबकड्यांवर घाला. नाट्यपदं, लावण्या, कीर्तनं, कुणा विस्मरणात गेलेल्या गायिकेची दोन पदं. त्यांच्यासाठी असं सरकारी कपाट कुणी उघडून ठेवलेलं नाही. तुमच्या माळ्यावर असलेली प्रत शेवटची असू शकते.

नेताना तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक रचू नका, खालच्या फुटतात. मध्ये वर्तमानपत्र नको, जुन्या सुती धोतराचे तुकडे घाला. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून कॉलेज रोडला खरेदीला जाऊ नका, लाख वाकते. काका अकरा ते दोन आणि संध्याकाळी पाचनंतर असतात, रविवारी बंद. पावसाळ्यात गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला पाणी लागलं असेल तर तो दिवस सोडून द्या, तिकडची वाट बंद असते. आणि गेलात तर सूर बघायचं अ‍ॅप मोबाइलवर घेऊनच जा. मूळ पट्टी माहीत असणारं गिऱ्हाईक आलं की काका खुर्ची पुढे ओढतात आणि घड्याळाकडे बघत नाहीत.